भोकं चुकवून

स्मरणिकेसाठी पोरगा आलाय, काखेत फाईल.
नाट्यमंडळाला पन्नास वर्षं होतायत.
"तुमच्या वडलांनी म्हणे मोठमोठ्यांची वाक्यं जपलेली.
दहा द्या. चौकटीत टाकतो."

मी माळ्यावरून पुठ्ठे काढते.
जेकार्डचे. टॉवेलावर जन्मभर मोर उमटवून
निवृत्त झालेले,
दोरीनं एकमेकांना बांधलेले, भोकाभोकांचे.

मल्लय्या येमूल, साखर पेठ.
दिवसपाळीला मागावर,
रात्री रंगपटात मिशा चिकटवायला.
तोंडाला रंग लागत असताना माणूस खोटं बोलत नाही,
कारण ओठ हलवायची चोरी,
तेव्हा बोलतो ते मोजून, असं त्यांचं म्हणणं.
घरी येऊन पुठ्ठ्याच्या पाठीवर
भोकं चुकवून लिहायचे.

'मेल्याचं काम अवघड. श्वास घ्यायचा, दिसू द्यायचा नाही.
आता घरीही तीच सवय लागलीय.'
खाली: खलनायक. सर्दी होती.

'रडायचा प्रवेश असला की मी दोन भाकऱ्या जास्त खाते.
उपाशीपोटी खरं रडू येतं,
आणि खरं तिसऱ्या रांगेपुढं पोचत नाही.'
खाली नाव नाही. शेंगाचटणी मागितली, एवढीच नोंद.

'वाक्य नटाच्या तोंडात अडकलं तर नटाला शिव्या घालाव्यात.
तीनदा अडकलं तर घरी जाऊन वाक्याला.'
खाली: लेखक. रंग लावायला नव्हे,
पंख्याखाली बसायला आलेला. मे महिना.

'चाळ पायात असेपर्यंत हलके.
सोडून हातात घेतले की वजन कळतं.
म्हणून मी ते बसून सोडते.'
खाली: मोडनिंबची बाई. दोन वेळा म्हणाली.

पोरगा भराभरा उतरवतोय. मध्येच अडतो.
'कलावंतानं एकदा तरी
                              पाहिजे.'
"शब्द भोकात गेला वाटतं," मी म्हणते.
"हरलं? पडलं? रडलं पाहिजे?"
"तसंच छापा."
मोकळी जागा कशी छापायची, त्याला प्रश्न पडतो.

मग ते वाक्य, जे आमच्या घरात
मिठासारखं वापरलं गेलं,
माझ्या दहावीच्या निकालाला, भावाच्या लग्नात,
गिरणीचा भोंगा कायमचा गप्प झाला त्या आठवड्यातही:
'हाताला काम दिसावं, कामावर हात दिसू नये.'
खाली: राजाचं काम करणारे. दाढी चिकटवताना.

"हे पहिलं टाकू," पोरगा म्हणतो.

कोपऱ्यात आई. मांडीवर सूप, सुपात पानं.
मान वर न करता म्हणते, "ते माझं आहे."

"तुमचं?"

"बिडीवर बोटाचा डाग दिसला की
कारखान्यात छाटणारा फेकून देतो.
एवढंच बोलले होते मी. तेलुगूत.
यांनी ते राजाला सांगितलं,
राजानं पुढच्या खेळाला यांनाच ऐकवलं.
फिरून घरी आलं, तेव्हा त्याला दाढी होती."

पोरगा हसतो, मग हसत नाही.
"खाली काय लिहू?"
मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे रे.
"नर्सव्वा लिही. येमूल नको.
माहेरचं घाल, चिलवेरी."
तो वेलांटीपाशी घुटमळतो. पहिली की दुसरी?
"मला काय विचारलालाव? शिकलेले तुम्ही."

बिडीच्या तोंडाशी ती नखानं पान दुमडते.
दोरा गुंडाळते. डाग नाही.
पंचवीस झाल्या की जुडी बांधते,
ती बाजूला ठेवून मग बोलते:
"आणि ते दुसरं. कलावंतानं एकदा तरी.
तिथं भोक नाही.
तिथं मी दिवा मालवला.
सकाळी पुढचा शब्द लिहिला त्यांनी,
मधला आठवला नाही."

मी पुठ्ठा खिडकीपाशी नेऊन धरते.
बाकी सगळीकडून ऊन गळतं.
तिथून नाही.